कुशिउराच्या देवीकडे पत्ताबदल

माणसाने आयुष्यात एकदा पत्ता चुकवला तर माझी हरकत नाही. पण ओकायामाच्या टपालखात्यात अडतीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेल्या माणसाने तो चुकवावा, आणि तोही साक्षात देवीला सांगताना, हे जरा जास्तच झालं. ही हकिगत मी कुणाला सांगणार नव्हतो. पण आमच्या शेजारच्या कानेमित्सुबाईंनी ती इमारतीच्या चारही मजल्यांवर आधीच पोचती केली आहे, आणि तीसुद्धा चुकीच्या तपशिलांसह. उदाहरणार्थ, मी अनवाणी नव्हतो. माझ्या पायात मोजे होते.

आमची मुलगी मिनोरी बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई नोकरीपायी तिकडे सेन्दाईला. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून आठ दिवस झाले तरी बाळ काही यायचं नाव घेईना. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, आणखी चार दिवस थांबू, मग बघू. आता 'काळजीचं कारण नाही' इथपर्यंत ठीक होतं. 'मग बघू' ने माझी झोप उडवली. दोन वर्षांपूर्वी मिनोरीचं एक बाळ पोटातच गेलं होतं. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

अशात कानेमित्सुबाई संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. या बाई आमच्या शेजारच्या खोलीत राहतात आणि ज्याला जो सल्ला नको असेल तो त्याला घरपोच देतात. चौकशी करता करता त्यांनी विचारलं की पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, देवीला जाऊन पोटाला बांधायचा पट्टा आणला होता ना? कुत्री सुखाने वितात, म्हणून त्या दिवशी जायचं, एवढं आम्हालाही कळतं. मी छाती काढून म्हणालो, नुसता आणला नाही, थेट कुशिउराला जाऊन आणला. समुद्राकाठी डोंगरावर जी सुखरूप बाळंतपणाची देवी आहे, तिच्याकडून.

"आणि पत्ता नीट सांगितलात ना?" बाई संत्रं सोलत म्हणाल्या.

देवासमोर उभं राहिलं की दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि मनात आधी नाव, मग पत्ता, मग गाऱ्हाणं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पत्ता न सांगता मागणं म्हणजे पाकिटावर नुसतं 'ताईस' लिहून पेटीत टाकणं. मी हसलो. हसता हसता मला तो दिवस आठवला आणि हसू जागच्या जागी थिजलं. तो जुलै होता. या नव्या इमारतीत येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. आणि देवीसमोर डोळे मिटून मी स्वच्छ, खणखणीत, टपालखात्याला शोभेल अशा पद्धतीने म्हणालो होतो, 'कामेद पेठ, सात नंबरची इमारत, खोली दोनशे तीन.' चौतीस वर्षं जिथे राहिलो तो पत्ता. पिनकोडसकट.

कानेमित्सुबाईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. मी तरीही खिंड लढवली. म्हटलं, पत्ता बदलला की आमचं खातं वर्षभर सगळं टपाल नव्या पत्त्यावर वळवून देतं. देवीच्या दरबारात काहीतरी तशी सोय असणारच, आणि वर्ष अजून व्हायचंय.

"त्यासाठी अर्ज करावा लागतो ना हो मोरिवाकिसान?" बाई म्हणाल्या. "देवीकडे केला होतात का?"

माझ्याच खात्याचा नियम माझ्याच तोंडावर मारून बाई निघून गेल्या. संत्री मात्र गोड होती, हे कबूल केलं पाहिजे.

माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे का? तर नाही. मी शिकलेला माणूस आहे. केवळ पाय मोकळे करायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी बस बदलत चाळीस मिनिटं लांब असलेल्या कामेद पेठेत गेलो, आणि केवळ जिना समोर आला म्हणून दुसऱ्या मजल्यावर चढलो. दोनशे तीनमध्ये आता कुरोसु नावाचे गृहस्थ राहतात. शाळेत गणित शिकवतात, वय साठीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही. मी दार वाजवलं. माझं चुकून एखादं पत्र आलंय का, अशी चौकशी करणार होतो. कुरोसुंनी दार उघडलं ते हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. खोक्यात एक म्हातारी करडी मांजर आणि तिची पाच पिल्लं.

ऑगस्टमध्ये ही मांजर आपण होऊन त्यांच्या गॅलरीत राहायला आली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वय फार झालंय, बाळंतपण जड जाईल, मनाची तयारी ठेवा. आणि परवा काय, पाचच्या पाच पिल्लं तासाभरात, एकही अडलं नाही. गणिताच्या मास्तरांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "कुणाचा तरी आशीर्वाद असला पाहिजे हो."

कुणाचा होता ते मला पक्कं माहीत होतं. मीच तर पाठवला होता. दुसऱ्याच्या नावाचं टपाल फोडणं हा गुन्हा आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण मांजर माझ्याकडे बघून जांभई देत होती, आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. मी अभिनंदन केलं आणि जिना उतरलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. फुसाए लोकरीची टोपी विणत होती. तिने वर पाहिलं, मिनोरीकडे पाहिलं, पुन्हा टोपीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग जाऊन या. आत्ताच निघा." छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या एकाही बेताला इतक्या झटकन होकार दिलेला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कानेमित्सुबाईंनी जिन्यातच गाठलं. रिकाम्या हाताने जाऊ नका म्हणाल्या. आधी एक पत्ता सांगितलाय, आता दुसरा सांगणार, देवीने कुठला खरा धरायचा? रहिवासाचा दाखला घेऊन जा. सरकारी शिक्का असला की बोलायला जागा राहत नाही. शिवाय पहाटे पहिलं जायचं. पहिल्या माणसाचं देवी शांतपणे ऐकते, नऊनंतर गर्दी होते. हा सल्ला मी धुडकावून लावला आणि तडक वॉर्ड कचेरीत गेलो.

दाखल्याच्या अर्जावर एक रकाना असतो: दाखला कुठे सादर करणार? मी जन्मात खोटा अर्ज भरलेला नाही. पेन्शन, शाळा, परवाना यांतल्या कशावरही खूण करता येईना, म्हणून 'इतर' वर केली आणि पुढच्या कंसात लिहिलं, 'देवी'. खिडकीतल्या मुलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं की ही कुठली संस्था. मी तितक्याच नम्रपणे खुलासा केला. ती वाकली आणि आत गेली. आतून तिचे साहेब आले. तेही वाकले. मीही वाकलो. साहेबांनी अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "मूळ घराण्याच्या गावाचा उल्लेख दाखल्यात असावा की नसावा? देवीची याबाबत काय अपेक्षा आहे?"

माझ्यामागे ताटकळलेल्या एका आजोबांनी मत दिलं की देवीकडे गावाचं नाव असलेलं बरं, जुनी माणसं घराणं विचारतात. साहेबांना ते पटलं. कुटुंबातल्या सगळ्यांची नावं घालायची की अर्जदाराचं एकट्याचं, यावर अजून पाच मिनिटं गेली. शेवटी सगळ्या रकान्यांसह, सगळ्या नावांसह, लाल शिक्क्याचा दाखला माझ्या हातात पडला आणि साहेबांनी खालच्या आवाजात सांगितलं की त्यांच्या सुनेलाही सातवा लागलाय, तेवढं बघा.

कुशिउराला दिवसातून दोन बस जातात. संध्याकाळच्या बसने पोचलो आणि धक्क्याजवळच्या मात्सुनोया नावाच्या छोट्या खाणावळवजा उतारघरात मुक्काम केला. मालकीणबाईंनी भाजलेला बांगडा वाढता वाढता सगळी चौकशी केली. पहाटे जाणार म्हटल्यावर त्यांनी पुढचं दार कुरकुरतं आणि बाकीचे पाहुणे उठतात, तेव्हा मागच्या दाराने जा, तुमचे बूट तिथेच आणून ठेवते, असं सांगितलं. मागचं दार संडासाच्या शेजारी होतं. हा तपशील ध्यानात ठेवावा. मी ठेवला नाही.

पहाटे साडेचारला उठलो. देवीसमोर जायचं म्हणून निरोपसमारंभाचा तपकिरी सूट घातला, टाय बांधला, दाखला आतल्या खिशात ठेवला. निघता निघता संडासात जाऊन आलो, मागचं दार हळूच सरकवलं आणि बाहेर पडलो. बाहेर मिट्ट काळोख, समुद्राचा आवाज आणि हाडं गोठवणारी नोव्हेंबरची हवा. तांबड्या कमानीखाली वाकलो आणि पायऱ्या चढायला लागलो. पायऱ्या दोनशे ऐंशी. मधला भाग देवाच्या वाटेचा म्हणून मी कडेकडेने चढत होतो. पाय जरा घसरत होते, फटक फटक असा काहीतरी आवाजही येत होता. मी म्हटलं, वय झालं.

वर पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. आवारात कुणी नव्हतं. पहिला नंबर माझा. मी दगडी कुंडीपाशी गेलो, पळी उचलली, डावा हात धुतला, उजवा धुतला, चूळ भरायला खाली वाकलो, आणि मला माझे पाय दिसले.

पायांत हिरव्या प्लॅस्टिकच्या सपाता होत्या. दोन्हींच्या चवड्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: शौचालय.

ज्या सपाता फक्त संडासापुरत्या घालून त्याच्या उंबऱ्याशीच काढून ठेवायच्या, ज्या घालून चुकून दिवाणखान्यात पाऊल पडलं तर घरात वर्षभर चर्चा होते, त्या घालून मी देवीच्या कमानीखालून दोनशे ऐंशी पायऱ्या चढून आलो होतो. वर टाय. परत जाऊन बूट घालून यावं म्हणून वळलो, तर खालून एक कंदील डुगडुगत वर येताना दिसला. एक म्हातारी चढत होती. मी खाली गेलो असतो तर पहिला नंबर तिचा. आणि सात दहाची बस चुकली तर पुढची दुपारी. मिनोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी सपाता काढल्या, दगडी सिंहाच्या मागे लपवल्या, सिंहाची क्षमा मागितली आणि मोज्यांवर, ओल्या खडीतून, कळ सोसत देवीसमोर जाऊन उभा राहिलो.

दोनदा वाकलो. दोन टाळ्या वाजवल्या. मोरिवाकि एइगो, वय चौसष्ट. राहणार, कामेद पेठ, सात नंबर...

थांबलो. पुन्हा वाकलो, पुन्हा टाळ्या. राहणार, कामेद पेठ. काही केल्या तोंडात दुसरं येईना. नवा पत्ता म्हणून जो काही होता तो डोक्यातून साफ पुसला गेला होता. मी खिशातून दाखला काढला. चष्मा उतारघरात, उशीपाशी. अडतीस वर्षं ज्या माणसाने डॉक्टरांच्या अक्षरातले पत्ते लावले, त्याला स्वतःचा छापील पत्ता वाचता येईना. मी कागद लांब धरला, जवळ धरला, उगवतीकडे धरला. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. मला रडू यायचंच बाकी होतं. खरं सांगायचं तर थोडं आलं.

मागून कुणीतरी खाकरलं. ती म्हातारी शिस्तीत माझ्यामागे रांग लावून उभी होती. दोघांचीच रांग. नव्वदीची असेल, कानाला यंत्र, कमरेत वाकलेली, हातात कंदील. नाव सोनोए, ते नंतर कळलं. मी दाखला पुढे केला आणि म्हणालो की आजी, मला एवढं वाचून दाखवाल का.

"तुम्हाला कशाला?" आजी म्हणाली. "थेट देवीलाच वाचून दाखवते की."

तिने कंदील माझ्या हातात दिला, घसा साफ केला आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात त्या आवाजात वाचायला सुरुवात केली. पत्ता वाचला. मिनामिगाओका, तीन नंबरची गल्ली, इमारतीचं नाव, खोली चारशे आठ. पुढे कुटुंबप्रमुखाचं नाव, जन्मतारीख, मूळ गाव, फुसाएचं नाव, तिची जन्मतारीख, जी तिने कुणालाही सांगितलेली नाही. तिथे जरा थांबून आजीने पान हलवलं आणि 'सदर नोंद मूळ दप्तराबरहुकूम आहे' इथपासून महापौरांच्या सहीपर्यंत सगळं वाचून काढलं. डोंगर घुमला. झाडांवरचे कावळे उठले. माझ्या आयुष्यात माझ्या पत्त्याचा एवढा मान कधी झाला नव्हता.

"आता मागा काय मागायचं ते," आजी म्हणाली.

मी डोळे मिटले. सगळं ठरवून आलो होतो, पण म्हणालो एवढंच, की माझ्या पोरीला सुखरूप ठेव. बाळाचं तू बघशीलच. पण पोर माझी आहे.

डोळे उघडले तर शेजारी पुजारी उभे. आवाज ऐकून खराटा टाकून आले होते. एका हातात माझ्या सपाता.

"ह्या कुणाच्या?"

मोठ्या संकटात माणसाचा खरा स्वभाव कळतो म्हणतात. मी समुद्राकडे बघितलं. सोनोए आजीने माझ्या मोज्यांकडे बघितलं. पुजाऱ्यांनी सपाता उजेडात धरून तळव्यावरचं वाचलं, "मात्सुनोया". मग माझ्यापुढे वाकून त्या दोन्ही हातांनी मला परत केल्या.

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "दरवर्षी दोघंतिघं तरी येतात असे. बाळाचे बाप असतात बहुतेक. आजोबा तुम्ही पहिलेच. देवीला सवय आहे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. फुसाए. सहाला पाच कमी होते. माझ्या हातांत कंदील आणि सपाता, म्हणून फोन आजीने घेतला, उलटा कानाला लावला, मग मला दिला.

"झाली," फुसाए म्हणाली. "मुलगी. पावणेचारला. दोघी छान आहेत. अहो, ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. सूट, टाय आणि मोज्यांसकट मी त्या खडीत मटकन बसलो आणि ढसाढसा रडलो. सोनोए आजी माझ्या पाठीवर थोपटत पुजाऱ्यांना सांगत होती की चारशे आठ नंबरला मुलगी झाली. खाली उतरलो तोवर मात्सुनोयाच्या मालकीणबाईंपर्यंतही ते पोचलं होतं. त्यांनी बूट पुढे केले आणि सपातांबद्दल अवाक्षर काढलं नाही. अशा वेळी न बोलणारी माणसं मोठी असतात.

बसमध्ये मात्र माझ्यातला टपालखात्याचा माणूस जागा झाला. मुलगी पावणेचारला झाली. पत्ता दुरुस्त झाला पावणेसहाला. म्हणजे पत्र टाकायच्या दोन तास आधी उत्तर आलं. असं आमच्या खात्यात अडतीस वर्षांत घडलं नव्हतं.

दुपारी इस्पितळात मी हे कोडं फुसाएपुढे मांडलं. मिनोरी पलंगावर निजून हसत होती. हातातलं गाठोडं लालबुंद होतं आणि मुठी आवळून कुणालातरी दम देत होतं. फुसाए त्या टोपीचा शेवटचा धागा तोडत होती.

"जुलैत मी तुमच्या शेजारीच उभी होते ना," ती म्हणाली. "तुम्ही जुनाच पत्ता सांगणार हे मला माहीत होतं. मी नवा सांगितला."

मी विचारलं की मग कालच का बोलली नाहीस.

"बाबा, तुम्ही स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर फेऱ्या मारत होता," मिनोरी म्हणाली. "दर फेरीला विचारायचा, कसं वाटतंय. मीच आईला म्हटलं, यांना कुठेतरी पाठव. तुम्ही बसमध्ये बसलात आणि दोन तासांत कळा सुरू झाल्या."

म्हणजे बाळाची वाट मीच अडवून बसलो होतो, असा त्याचा अर्थ होतो. गाठोडं हातात घेतलं आणि खिडकीशी गेलो.

महिन्याभराने देवीचे आभार मानायला सगळे कुशिउराला गेलो. सेन्दाईहून जावईही आले होते. सूट तोच, पायांत बूट, दोनदा तपासलेले. निघायच्या आधी कुरोसुमास्तरांचा फोन आला. पाची पिल्लांना चांगली घरं मिळाली, आणि म्हातारी मांजर आता त्यांच्या पांघरुणात झोपते. सांगताना मास्तरांचा आवाज परत भरून आला. ते चौतीस वर्षांचं आमचं घर आता सुनंसुनं नाही, हे ऐकून मला बरं वाटलं.

देवीसमोर सगळे ओळीने उभे राहिलो. बाळ फुसाएने विणलेल्या टोपीत. मी दोनदा वाकलो, दोन टाळ्या वाजवल्या आणि न अडखळता म्हणालो, मोरिवाकि एइगो, मिनामिगाओका, खोली चारशे आठ, पोच मिळाली, फार फार आभारी आहे. शेजारी फुसाए एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग पुन्हा दोनदा वाकलो, पुन्हा दोन टाळ्या वाजवल्या आणि मुद्दाम, स्वच्छ, पिनकोडसकट सांगितलं: कामेद पेठ, सात नंबरची इमारत, खोली दोनशे तीन. तिथेही सगळं सुखरूप पोचलं.